मासे जिवंत आहेत, पुढे काय?

'सांडपाणी' हा शब्द मला नेहमी विचारात पाडतो. जुन्या मराठीत 'सांडणे' म्हणजे नुसते लवंडणे नव्हे. टाकून देणे, सोडून देणे, संबंध तोडणे असाही त्याचा अर्थ आहे. संत अहंकार सांडायला सांगतात तो याच अर्थाने. म्हणजे एकदा मोरीत ओतले की ज्याच्याशी आपला संबंध संपला, ते सांडपाणी. आमच्या लहानपणी हे बऱ्याच अंशी खरेही होते. मोरीचे पाणी परसात जायचे आणि त्यावर अळू आणि केळी पोसायच्या. त्या पाण्यात असायचे तरी काय? राख, शिकेकाई, थोडे खरकटे. त्याने कुणाचे काही बिघडत नसे.

आज ज्या सांडपाण्याबद्दल लिहायचे आहे ते अळूला घालण्याजोगे नाही. ते इस्पितळांतून बाहेर पडणारे पाणी आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे वाचकांना शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. इस्पितळाचे सांडपाणी हा इस्पितळाच्या कचऱ्याचाच भाग मानला पाहिजे, ते तिथल्या तिथे नीट साफ झाले पाहिजे, आणि औषधांना दाद न देणारे जंतू त्यात किती आहेत हे ठरावीक काळाने मोजून लोकांना सांगितले पाहिजे. आज हे होत नाही.

मी मराठीची शिक्षिका. शास्त्राशी संबंध आला तो सातवीच्या वर्गावर सामान्य विज्ञान शिकवण्यापुरता. पण गेली चार वर्षे या विषयावर मिळेल ते वाचते आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

आधी इस्पितळाच्या नळीतून काय वाहते ते पाहू. आपण अँटिबायोटिकची गोळी घेतो, ती शरीरात पूर्ण जिरते असे आपल्याला वाटते. तसे नसते. अमॉक्सिसिलीनसारख्या औषधाचा निम्म्याहून अधिक भाग जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. घरात एखाद्याच माणसाचे औषध चालू असते. इस्पितळात एका वेळी पन्नास, शंभर, पाचशे माणसे ही औषधे घेत असतात, आणि तीही साधी नव्हेत, जी बाहेरच्या दुकानात सहसा मिळत नाहीत अशी. त्याच नळीतून त्याच रोग्यांच्या आतड्यांतले, जखमांतले, मूत्रमार्गातले जंतूही वाहतात. जे जंतू औषधाने मेले ते संपले. जे मेले नाहीत ते पाण्यातून पुढे जातात, आणि सोबतीला थोडे थोडे औषधही असते. ते औषध जंतूंना मारायला पुरेसे नसते, पण अंगवळणी पडायला पुरते.

अपुऱ्या औषधाचा हा धोका नवा नाही. पेनिसिलीनचा शोध १९२८ साली लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणातच तो सांगून ठेवला होता. त्यांनी एक कल्पित गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलीन आणून थोडेसे घेतो, जंतू मरत नाहीत पण पेनिसिलीनला सरावतात. मग तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात आणि ती दगावते. फ्लेमिंग यांच्या डोळ्यांसमोर एक घर होते आणि त्या घरातली दोन माणसे होती. त्या घराच्या मोरीतून काय वाहून गेले हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता.

आता जंतू शिकतात कसे, हे माझ्या पद्धतीने सांगते. शाळेत तीस-पस्तीस वर्षे परीक्षांना पर्यवेक्षण केलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. एखाद्या मुलाला उत्तर स्वतः येणे वेगळे आणि त्याच्याकडे चिठ्ठी असणे वेगळे. उत्तर येणारा मुलगा वरच्या वर्गात गेला की त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर गेले. चिठ्ठी मात्र या बाकावरून त्या बाकावर जाते, खिडकीतून शेजारच्या वर्गातही जाते. जंतूंकडे अशा चिठ्ठ्या असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. ते जनुकांचे छोटेसे वेटोळे असते आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज दिले जाते. गंमत म्हणजे, गंमत म्हणावी का हा प्रश्नच आहे, घेणारा जंतू त्याच जातीचा असावा लागतो असेही नाही. जपानमध्ये १९५० नंतरच्या दशकात आमांशाच्या साथीत एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे जंतू सापडू लागले. १९५९ च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आमांशाचा जंतू हा गुण आतड्यातल्या साध्या ई. कोलाय जंतूला देऊ शकतो आणि त्याच्याकडून घेऊही शकतो. म्हणजे निरुपद्रवी जंतूसुद्धा खिशात चिठ्ठी बाळगून असतो. त्याला ती लागत नाही, पण मागणाऱ्याला तो देतो.

मग सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काय होते? हे केंद्र म्हणजे सगळे शुद्ध करणारे यंत्र, अशी आपली समजूत असते. त्याची सगळ्यांत प्रचलित पद्धत १९१४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला निघाली. मोठ्या हौदात मैलापाणी घ्यायचे, त्यात सतत हवा सोडायची, म्हणजे जंतू वाढतात आणि ते घाण खाऊन टाकतात. मग पाणी संथ ठेवले की जंतूंचा गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी नितळ होते. कल्पना उत्तम आहे. नद्या वाचवण्यासाठी ती आजही हवी आहे. पण ती काढली गेली तेव्हा जगात एकही अँटिबायोटिक नव्हते. जंतूंना पोसणे हेच त्या हौदाचे काम. तिथे भरपूर खाणे, भरपूर हवा, आणि इस्पितळाचे, घरांचे, खाटिकखान्याचे जंतू दाटीवाटीने एकत्र. चिठ्ठ्यांची देवाणघेवाण व्हायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चांगल्या चाललेल्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जंतूंची एकूण संख्या पुष्कळच कमी झालेली असते. केंद्र निरुपयोगी आहे असे कुणी म्हणू नये. पण संख्या कमी झाली तरी उरलेल्यांत प्रतिरोधक जंतूंचे प्रमाण काही ठिकाणी वाढलेले आढळते, आणि तळाचा गाळ तर जंतूंनीच भरलेला असतो. तो गाळ खत म्हणून शेतात जातो. क्लोरीन टाकले तर सगळे मरते असेही नाही. पाणी गढूळ असले की क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडते. आणि जंतू मेला तरी त्याच्या खिशातली चिठ्ठी काही काळ पाण्यात शिल्लक राहू शकते, दुसरा जंतू ती उचलू शकतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. आपल्याकडे जैव-वैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. ते वाईट नाहीत. इस्पितळात लाल, पिवळ्या, निळ्या रंगांच्या पिशव्या आणि डबे तुम्ही पाहिले असतील ते या नियमांमुळेच. रोग्याच्या जखमेवरची पट्टी पिवळ्या पिशवीत जाते, पिशवीवर बारकोड असतो, ती कुठून निघाली आणि कुठे पोचली याची नोंद राहते. प्रयोगशाळेतले संसर्गजन्य द्रव सांडपाण्यात मिसळण्याआधी निर्जंतुक करावे असेही नियमात आहे. पण त्याच रोग्याची लघवी आणि शौच संडासातून सरळ नळीत जाते. तिला ना पिशवी, ना बारकोड.

नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी, म्हणजे ज्या इस्पितळाचे गटार शेवटी प्रक्रिया केंद्राला जोडलेले नाही त्याच्यासाठी, नियमांत मोजमापे दिली आहेत. आम्लता किती, तरंगणारा गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, तेल आणि वंगण १० पर्यंत, बीओडी ३० पर्यंत, सीओडी २५० पर्यंत. आणि शेवटची कसोटी माशांची. त्या पाण्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनी शंभरातले नव्वद जिवंत असले की पाणी पास.

ही माशांची कसोटी वाचली तेव्हा मी थबकले. विषारी रसायन आहे का हे कळायला ती ठीकच आहे. पण ज्या जंतूंबद्दल आपण बोलतो आहोत ते माशांना काहीच करत नाहीत. कोणत्याही औषधाने न मरणारे कोट्यवधी जंतू त्या पाण्यात असले तरी मासे चार दिवस आनंदाने पोहतील आणि प्रमाणपत्र मिळेल. शहरांच्या प्रक्रिया केंद्रांना मैल्यातले जंतू मोजावे लागतात हे खरे. पण ते किती आहेत एवढेच मोजतात, त्यांतले किती जण औषधांना पुरून उरतील हे कुणी विचारत नाही. वर्गात मुले किती बसली हे मोजले आणि कॉपी किती जणांकडे आहे हे पाहिलेच नाही, तर त्याला पर्यवेक्षण म्हणत नाहीत.

आता मी हे सगळे का वाचायला लागले ते सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले. ऑपरेशन उत्तम झाले. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. पहिल्या गोळ्यांनी उतरला नाही, दुसऱ्या गोळ्यांनीही नाही. मग लघवीचे कल्चर केले. रिपोर्ट आला तो एखाद्या प्रगतिपुस्तकासारखा. डावीकडे औषधांची नावे, उजवीकडे एकेक इंग्रजी अक्षर. आर, आर, आर, आर. अगदी खाली दोन-तीन ठिकाणी एस. आमचा एक जुना विद्यार्थी पॅथॉलॉजीची लॅब चालवतो. त्याच्याकडे कागद घेऊन गेले. तो म्हणाला, "बाई, तुमच्या भाषेत सांगतो. आर म्हणजे जंतू पास, एस म्हणजे नापास. हा पोरगा जवळजवळ सगळ्या विषयांत पास आहे. आता जी दोन-तीन औषधे राहिली आहेत ती इंजेक्शनाची आहेत, ॲडमिट करावे लागेल."

मग दहा दिवस, दिवसाला तीन याप्रमाणे इंजेक्शने झाली. हे बरे झाले, आता रोज सकाळी फिरायला जातात. पण ते दहा दिवस मी त्या कागदावरच्या शेवटच्या तीन ओळींकडे बघत काढले. त्या ओळींतही आर असते तर? माझी थोरली आत्या १९४१ साली बाळंतपणानंतरच्या तापाने गेली. त्या वेळी विलायतेत पेनिसिलीन पहिल्या रोग्यांना नुकते कुठे टोचले जात होते. आमच्या घरातल्या बायका तिच्याविषयी बोलताना "तेव्हा औषध नव्हते" असे म्हणत. पुढे १९५४ साली सरकारने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला, आणि आमच्या पिढीला बाळंतपणाची तशी भीती राहिली नाही. "औषध नव्हते" हे वाक्य आम्ही भूतकाळात वापरायला शिकलो. माझ्या नातीच्या पिढीला ते वर्तमानकाळात वापरावे लागू नये, एवढीच माझी इच्छा.

ह्यांना तो जंतू कुठून लागला हे कुणीच सांगू शकत नाही. तो नळीतूनच आला असा माझा दावा नाही. पण त्या दहा दिवसांत खोलीच्या मागच्या खिडकीतून मला इस्पितळाची मागची बाजू दिसायची. जनरेटर, वाळत घातलेल्या चादरी, आणि ओढ्यात उतरणारा एक जाड पाईप. ओढ्याच्या पलीकडे मेथी-कोथिंबिरीचे वाफे. मी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारले, हे पाणी साफ होऊन जाते का? ते म्हणाले, नगरपालिकेला विचारा. नगरपालिकेत विचारले तर म्हणाले, हॉस्पिटलकडे परवाना आहे, त्यांना विचारा. दोघेही नम्रपणे बोलले. उत्तर मात्र मिळाले नाही.

हे एका गावाचे झाले. देशाचे चित्र पाहिले तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार आपल्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती सुमारे २०,२३६ दशलक्ष लिटरवर. शंभरातले अठ्ठावीस. बाकीचे नदी, ओढा, तलाव, समुद्र जिथे वाट सापडेल तिथे. तेव्हा "शेवटी मोठे केंद्र आहेच" ही समजूत बहुतेक ठिकाणी खरी नाही.

याचे परिणाम कागदावर आलेले आहेत. २००८ साली स्वीडनमधल्या एका रोग्याच्या शरीरात, जो आधी दिल्लीच्या इस्पितळात राहून गेला होता, एक नवे जनुक सापडले. शेवटची राखीव समजली जाणारी औषधेही त्या जनुकामुळे निकामी होत होती. त्याला एनडीएम-१ असे नाव दिले गेले, त्यातल्या एन आणि डी म्हणजे न्यू दिल्ली. २०१० साली ही बातमी आपल्याकडे गाजली आणि देशाची बदनामी झाली म्हणून मोठा संताप व्यक्त झाला. नावावरचा राग मी समजू शकते, एखाद्या रोगाला आपल्या गावाचे नाव कुणाला आवडेल? पण एप्रिल २०११ मध्ये पुढचा अभ्यास आला तो अधिक गंभीर होता. दिल्लीत जागोजाग साचलेल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले होते. साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत आणि नळाच्या २ नमुन्यांत ते जनुक मिळाले. आमांश आणि पटकी यांच्या जंतूंतही ते पोचलेले होते. चिठ्ठी इस्पितळाच्या वर्गातून रस्त्यावरच्या वर्गात गेली होती. नावाबद्दल जितकी चर्चा झाली त्याच्या निम्मी जरी या पाण्याबद्दल झाली असती तर बरे झाले असते.

आपल्या पुण्याचीही गोष्ट आहे. मुठा नदीच्या गाळाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या अंगाला, जिथे नदी अजून बरी आहे, तिथल्यापेक्षा शहरातल्या गाळात प्रतिरोधाची जनुके कित्येक पटींनी जास्त होती, आणि त्यांत शेवटच्या राखीव औषधांना निकामी करणारीही होती. ही तीच नदी, जिच्या काठाने पालखी पाहायला आपण उभे राहतो.

इस्पितळाच्या जोडीला औषधांचे कारखानेही आहेत. हैदराबादजवळ पटनचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात जात असे. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही इतके नसते. एका दिवसात सुमारे ४४ किलो औषध पाण्यातून जात होते. पुढे जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिकच्या मर्यादा ठरवणारा मसुदा काढला. वाचून बरे वाटले. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा त्यांत नव्हत्या. मसुद्यात होते ते निकालात का नाही, हे एका नागरिकाने विचारायला हरकत नसावी.

यावर काही जण म्हणतील, बाई, तुम्ही चुकीच्या दारावर थाप मारता आहात. खरा दोष चिठ्ठीशिवाय औषध देणाऱ्या दुकानदारांचा, सर्दीला अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरांचा, अर्ध्यात गोळ्या सोडणाऱ्या रोग्यांचा, कोंबड्यांच्या खाद्यात औषध घालणाऱ्यांचा. मला हे सगळे मान्य आहे. या आघाड्यांवर काही कामही झाले आहे. गोळ्यांच्या पाकिटावरची उभी लाल रेघ पाहा, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे औषध घेऊ नये अशी ती खूण आहे. त्याची मोहीम २०१६ मध्ये झाली. २०१९ मध्ये कोंबड्या आणि इतर खाद्य-जनावरांसाठी कोलिस्टिन या राखीव औषधावर बंदी आली. केरळने २०२४ मध्ये चिठ्ठीविना विक्रीविरुद्ध मोहीम उघडली. पण घरात पाणी शिरत असताना एकच दार बंद करून भागत नाही. आणि या यादीत सांडपाण्याचे दार बहुधा नसतेच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो मी हलका मानत नाही. तालुक्याच्या गावातल्या पंधरा खाटांच्या दवाखान्याने ओझोनचे यंत्र बसवावे असे मी म्हणणार नाही. स्वित्झर्लंडने २०१६ पासून आपल्या निवडक शंभरेक केंद्रांत औषधांचे अंश काढणारा आणखी एक टप्पा बसवायला घेतला आहे, त्यालाही त्यांनी २०४० पर्यंतचा अवधी ठेवला आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नवा कायदा केला. त्यात या जादा टप्प्याचा बहुतांश खर्च, निदान ८० टक्के, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या कंपन्यांनी द्यावा असे ठरवले, आणि मोठ्या शहरांच्या सांडपाण्यात प्रतिरोधक जंतूंवर लक्ष ठेवायलाही सांगितले. ते श्रीमंत देश आहेत. आपण लगेच तिथे पोचणार नाही. पण मोजायला काय हरकत आहे?

मी माझ्या त्या लॅबवाल्या विद्यार्थ्याला विचारले, नाल्यातल्या पाण्यात असे जंतू किती आहेत हे मोजणे फार महाग आहे का? तो हसला. म्हणाला, "बाई, मी रोज लघवीचे जे करतो तेच. थाळीत एक औषध आधीच मिसळायचे आणि त्यावर पाण्याचा थेंब पसरायचा. दुसऱ्या दिवशी जे उगवले ते त्या औषधाला न जुमानणारे. मोजायचे." जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशीच एक सोपी पद्धत सगळ्या देशांसाठी लिहून प्रसिद्ध केली आहे. त्यात ई. कोलाय हा एकच जंतू धरायचा आणि तो माणसांत, खाद्य-जनावरांत आणि सांडपाण्यात मोजायचा.

आणि सांडपाणी तपासणे आपल्याला नवीन नाही. मुंबईत २००१ पासून गटारांच्या पाण्यात पोलिओचा विषाणू शोधला जात होता. एकही मूल लुळे पडण्याआधी विषाणू कुठे फिरतो आहे ते त्यातून कळायचे. जानेवारी २०११ नंतर देशात जंगली पोलिओचा रोगी आढळला नाही आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. करोनाच्या काळातही आपल्या काही शहरांनी सांडपाण्यावरून साथीचा अंदाज घेतला. मग हेच पाणी तिसऱ्या कामासाठी का तपासू नये? त्या जंतूंनी २०१९ या एकाच वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसांचा थेट बळी घेतला, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला आहे. पोलिओला जेवढे महत्त्व आपण दिले तेवढे याला द्यायला हा आकडा पुरेसा नाही का?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जिल्हा रुग्णालये आणि शंभराहून अधिक खाटांची इस्पितळे यांच्यापासून सुरुवात करावी. त्यांच्या पाण्याच्या तपासणीत माशांच्या कसोटीखाली आणखी एक ओळ घालावी, प्रतिरोधक ई. कोलाय किती. तो आकडा वर्षातून चार वेळा इस्पितळाच्या दर्शनी भागात लावावा, जिथे तपासण्यांचे दरपत्रक लावतात तिथेच. कोलिस्टिन-मेरोपेनेमसारखी राखीव औषधे जिथे दिली जातात त्या वॉर्डांचे पाणी शहराच्या गटाराला मिळण्याआधी वेगळे घेऊन साफ करावे. छोट्या दवाखान्यांसाठी नगरपालिकेने सामाईक सोय करावी, जशी पिवळ्या पिशव्यांसाठी सामाईक गाडी येते तशी. आणि ज्या वाफ्यांना हे पाणी जाते तिथल्या शेतकऱ्याला निदान ते कसले पाणी आहे हे सांगावे. त्याची बायको-मुले त्यात अनवाणी उभी असतात.

आपण वाचकांनी काय करायचे? पुढच्या वेळी कुणाला भेटायला किंवा बिल भरायला इस्पितळात जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. तुमचे सांडपाणी कुठे जाते? जाण्याआधी त्याचे काय करता? शेवटची तपासणी कधी झाली आणि तिचा कागद बघायला मिळेल का? पहिल्यांदा तुमच्याकडे विचित्र नजरेने पाहतील. पाचव्या माणसाने विचारले की कुणीतरी कागद शोधायला लागेल. शाळेत असताना मी पाहिले आहे, पालकांपैकी चार जण वही बघायला मागू लागले की सगळ्या वर्गाच्या वह्या तपासून मिळतात.

तुमच्या गावातल्या इस्पितळाने उत्तर दिले, चांगले किंवा वाईट, तर मला जरूर कळवा. एखाद्या ठिकाणी हे काम नीट चालले असेल तर ते ऐकायला मला जास्त आवडेल.